काटा साफ

आमच्या यार्डातल्या टेस्टिंगच्या शेडमध्ये भिंतीवर ॲल्युमिनियमचे मासे टांगलेले असत. मासे म्हणजे माशांचे काटे. वीतभर लांबीची पट्टी, तिच्या दोन्ही कडांना करवतीने पाडलेल्या खाचा, एका टोकाला उथळ आणि दुसऱ्या टोकाकडे खोल होत गेलेल्या. बांगडा खाऊन झाल्यावर ताटात सांगाडा उरतो ना, अगदी तसाच. खाडीवरचा वारा शेडमध्ये शिरला की ते सगळे एकमेकांवर आपटून वाजायचे. दोरीवर वाळत घातलेल्या बोंबलांना आवाज असता तर तो असाच असता, असं मला वाटायचं.

भिंतीवर खिळे ठोकून ते टांगणारा माणूस थळचा होता. यार्डात सगळे त्याला काटेकाका म्हणायचे. मी नुसतं काका म्हणायची.

त्या पट्टीचं काम साधं होतं. आमच्याकडे ॲल्युमिनियमच्या बोटी बांधत. नवा पत्रा किंवा वेल्डिंगची नवी तार आली की आधी अशी पट्टी कापायची आणि तिच्या मधोमध वेल्डिंगची एक रेघ ओढायची. वितळलेलं ॲल्युमिनियम घट्ट होताना आकसतं. दोन्ही बाजूंनी कोणी धरून ठेवलं तर त्याला आकसता येत नाही, आणि मग ते फाटतं. पट्टीवरच्या खाचा खोल होत जातात तशी ती पकड सैल होत जाते, आणि तडा कुठेतरी थांबतो. कुठे थांबला ते मोजायचं. तडा आखूड असेल तर माल विश्वासाचा, लांब असेल तर परत. पुस्तकात मी ही चाचणी दोन ओळींत वाचली होती आणि परीक्षेत चार मार्कांसाठी लिहिलीही होती. चारपैकी चार मिळाले होते.

हे मी काकांना पहिल्याच दिवशी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "मंग तू ग्रॅज्वेट. बस तिकडं. तेल लावलंयस डोक्याला?"

"हो."

"मंग आनखी तिकडं."

खोबरेल तेलाचा त्यांना भयंकर राग. ॲल्युमिनियमला तेलाचा नुसता वास लागला तरी वेल्डिंगमध्ये बुडबुडे येतात असं त्यांचं म्हणणं. वासाने काही होत नाही, तेलकट बोट लागलं तर होतं, एवढं मलाही कळत होतं. पण शेडमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला ते डोक्याला फडकं बांधायला लावायचे. एकदा ग्राहकाकडचा तपासणी साहेब आला, त्यालाही बांधायला लावलं. साहेबाला टक्कल होतं.

पंखा बंद. मे महिन्यातही बंद, कारण वाऱ्याने वेल्डिंगवरचा गॅस उडतो. दार बंद. फोटो काढायला बंदी. "फोटोत उजेड दिसतो, तडा दिसत न्हाय," म्हणायचे. त्यांचा स्वतःचा फोन बटणांचा होता आणि तो जेवणाच्या रिकाम्या डब्यात ठेवलेला असायचा, झाकण लावून. वाजला तर डबा थरथरायचा आणि काका डब्याला म्हणायचे, "गप रे."

त्यांच्या गळ्यात जाळं विणायच्या दोऱ्याने बांधलेलं एक भिंग असे. वडिलांची होडी होती, तिच्या जाळ्याचा तो दोरा. थळला कारखान्याचं बांधकाम चालू होतं तेव्हा हा माणूस होडी सोडून वेल्डिंग शिकला, आणि मग हात थरथरायला लागेपर्यंत वेल्डिंगच करत राहिला. हात गेल्यावर डोळे कामाला लावले, असं स्वतःच सांगायचे. शिक्षण सातवी. भिंगातून तडा वाचायचे आणि भिंगातूनच वर्तमानपत्र वाचायचे. दोन्हीला सारखाच वेळ लागायचा.

तडा वाचायची पद्धत ही, की वेल्डिंग थंड झालं की त्यावर लाल रंग फासायचा. तो आत मुरू द्यायचा, मग वरचा पुसून टाकायचा आणि पांढरी पावडर फवारायची. तडा असेल तर आत शिरलेला रंग पावडरीतून हळूहळू वर येतो, पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. पावडर फवारली की काका पट्टीकडे पाठ करून बसायचे.

"बघत का नाही?"

"बगत बसलं की आपल्याला पायजे तेच दिसतं. त्याला येव दे. आला की बगू."

आणि मग वळून, भिंगातून पाहून निकाल सांगायचे. पास-नापास असे शब्द त्यांच्या तोंडी मी कधी ऐकले नाहीत. थोडासा तडा गेला तर म्हणायचे, "चाखला." जरा पुढे गेला तर "पाव." मध्यापर्यंत गेला तर "अर्धा." चाखला म्हणजे माल ठेवा, पाव म्हणजे पुन्हा टेस्ट घ्या, अर्धा म्हणजे परत पाठवा. मी नोकरीला लागल्यापासून चार महिन्यांत हे तीनच शब्द ऐकले होते. त्यापुढे मी फूटपट्टीने मोजायची, आकडा फॉर्मवर लिहायची आणि सही करायची.

सही मीच करायची, कारण फॉर्मवरचा सहीचा रकाना पदवीधराचा होता. कळतं त्याला सही करता येत नाही आणि सही करते तिला कळत नाही, असा आमचा कारभार होता. काका त्याबद्दल कधी कुरकुरले नाहीत. मला मात्र त्या सहीचा फार अभिमान होता, आणि तो मी लपवतही नसे. माझे बाबा म्हसळ्याला सरकारी कचेरीत शिपाई होते. उभा जन्म त्यांनी दुसऱ्यांच्या सह्यांच्या फायली या टेबलावरून त्या टेबलावर नेल्या. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि जिच्या सहीवाचून कुणाचं तरी काम अडतं अशीही मी पहिली. नोकरी लागली तेव्हा बाबांनी एवढंच सांगितलं, "साहेबलोक न वाचता सही करतात. मी समोर उभा राहून बघितलंय. तू तेवढं करू नकोस."

मी हसले होते. बाबा, मी इंजिनिअर आहे, म्हणाले होते.

दुपारचं जेवण आम्ही शेडच्या मागे, सावलीत, खाडीकडे तोंड करून करायचो. काकांच्या डब्यात रोज मासा. बांगडा असला तर तो ते असा खायचे की शेवटी कागदावर डोक्यापासून शेपटीपर्यंत अख्खा सांगाडा उरायचा, एक काटा मोडलेला नाही, मांसाचा एक कण चिकटलेला नाही. तो सांगाडा उजेडात धरून स्वतःच कौतुकाने बघायचे. मला मासा खायची घाई. आमच्याकडे सुकी मासळी जास्त, आणि पुढे हॉस्टेलच्या ताटावरून तर दहा मिनिटांत उठायची सवय लागलेली. काकांनी दिलेली तुकडी मी चिवडून, काटे मोडून, अर्धी टाकून द्यायची. ते माझ्या ताटात डोकावून म्हणायचे, "चाखला." सगळे हसायचे, मीही हसायची. त्यांच्या कामातले शब्द कुठल्या ताटातून आलेत हे मला तिथे रोज दिसत होतं. दिसत होतं, पण मी ते वाचलं नाही.

एक प्रवासी बोट बांधायला घेतली होती. माणसं, सायकली, बाजाराच्या टोपल्या खाडीपार नेणारी. तिच्या तळाच्या आडव्या फ्रेमसाठी पत्र्याची नवी थप्पी आली. सकाळी काका पट्टी कापून टेस्टला बसले आणि मी ऑफिसात अडकले. ग्राहकाकडचा साहेब, तोच टक्कलवाला, मॅनेजर साहेबांसमोर घड्याळ बघत बसला होता. त्याला पलीकडे जाणारी फेरी पकडायची होती आणि जाताना हातात कागद हवा होता. मॅनेजर साहेब दर पाच मिनिटांनी, "मॅडम, झालं का?"

ऑफिसच्या खिडकीतून शेडचं दार दिसतं. मी खिडकीतून हाक मारली, "काका, काय झालं?"

दार किलकिलं झालं, फडकं बांधलेलं डोकं बाहेर आलं. "साफ!"

"काय?"

"साफ गो! अख्खा काटा साफ!" आणि दार बंद.

मी फॉर्मवर लिहिलं, तडा नाही, लांबी शून्य. खाली सही केली. साहेब कागद घेऊन गेला. मॅनेजर साहेब म्हणाले, "बघा, असं काम पाहिजे."

खरं तर शून्य लिहिताना माझा हात अडायला हवा होता. त्या पट्टीची घडणच अशी असते की कितीही चांगला माल असला तरी सुरुवातीला थोडंसं फाटतंच. चार महिन्यांत मी एकदाही शून्य लिहिलं नव्हतं. चारपैकी चार मिळवणाऱ्या मुलीला हे ठाऊक होतं. पण खिडकीतून शेडपर्यंत चाळीस पावलं होती, आणि साहेबाची फेरी सुटत होती.

काका दुसऱ्या दिवसापासून पुतणीच्या लग्नाला थळला गेले. चौथ्या दिवशी परत आले, डब्यातून सगळ्यांना लाडू आणले. मी लाडू खात शेडमध्ये उभी होते आणि सहज भिंतीकडे नजर गेली. दाराजवळच्या खिळ्याला नवा काटा टांगलेला होता. भिंतीवर काका फक्त परत पाठवायच्या मालाचे काटे टांगायचे. त्यावर खडूने थप्पीचा नंबर होता. तोच नंबर. आणि पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत, मधोमध, उभी फाटली होती.

"काका, हा इथे कसा?"

"मंग कुठं लावू? साफ झाला ना."

"साफ म्हणजे..."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग बोटाने हवेत माशाचा सांगाडा आखून दाखवला, डोक्यापासून शेपटीपर्यंत. "साफ म्हंजे काय उरलंच न्हाय. सगला खाल्ला तड्यानं." आणि आवाज उतरवून, "तू काय लिवलंस गो?"

मी लाडू हातात धरून तशीच बोटीकडे धावले. तीन फ्रेम जोडून झाल्या होत्या. काका मागून रंगाचे डबे घेऊन आले. आम्ही दोघांनी लाल रंग फासला, पुसला, पावडर मारली. या वेळीही ते पाठ करून बसले. मी नाही बसले. तिन्ही फ्रेमच्या जोडांवर केसासारख्या लाल रेघा वर येताना मी बघितल्या. मग काकांनी उरलेल्या पत्र्यावर मोरी साफ करायच्या कॉस्टिकच्या पाण्याचा एक थेंब टाकला. थोड्या वेळाने पुसला तर खाली काळा डाग.

"तांबं हाय यात," ते म्हणाले. "स्टिकर एक बोलतंय आनि पत्रा दुसरंच. वेल्डिंगला पन न्हाय चालायचा आनि खाऱ्या पान्यात तर न्हायच न्हाय."

मॅनेजर साहेबांनी दोघांना आत बोलावलं. पत्रा परत जाईल, फ्रेम कापून काढू, त्याचं काही नाही, म्हणाले. प्रश्न कागदाचा होता. सहीचा कागद ग्राहकाकडे गेलेला. काहीतरी लेखी कारण द्यावं लागणार.

"तुम्ही असं लिहा मॅडम, टेस्ट घेणाऱ्या तपासनिसाने तोंडी चुकीची माहिती दिली. तुमचं कायम होण्याचं पत्र या महिन्यात निघायचंय, माझ्याच टेबलावर आहे. काकांचं काय, वर्षाच्या शेवटी घरीच जायचंय त्यांना. थोडं आधी जातील."

हे काकांच्या देखत. मी काकांकडे बघायचं टाळलं. काकाच म्हणाले, "लिव गो. मना काय, बापाचं जालं हाय, खाडी हाय."

मी लिहिलं. खोटं कशाला सांगू, मी लिहिलं. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर चार ओळी टाइप केल्या, कागद काढला, आणि काकांना दाखवायला शेडमध्ये नेला. एवढी तरी लाज राखली, असं मनाशी म्हणत होते. कायमचं पत्र आलं की बाबा ते अख्ख्या कचेरीला दाखवणार होते. ते माझ्या डोळ्यांसमोर होतं.

काकांनी कागद उजेडाला धरला आणि भिंग लावलं. चार ओळी. तड्याला लागायचा तेवढाच वेळ लागला. शब्दागणिक ओठ हलत होते. मग एका ठिकाणी भिंग थांबलं.

"'तोंडी' बरोबर हाय," ते म्हणाले. "तोंडानंच बोललो. 'चुकीची' न्हाय बरोबर."

"काका, ते नुसतं..."

"मना काढा. काढला असं लिव, म्हातारा झाला असं लिव, डोलं गेलं असं पन लिव, चालंल मना. पन चुकीचं सांगितलं असं नको लिवू. साफ होता तो काटा. मी साफ बोललो. इतक्या वर्सांत मी साफला चाखला न्हाय बोललो आनि चाखल्याला साफ न्हाय बोललो." आवाज चढला नव्हता. त्यांनी भिंग कागदावरून काढलं आणि माझ्याकडे पाहिलं. "मी न्हाय वाचलं चुकीचं. तू आयकलंस चुकीचं."

बाहेर वारा सुटला होता. भिंतीवरचे काटे वाजत होते. मी तो कागद त्यांच्या हातातून घेतला, चार तुकडे केले आणि ऑफिसात जाऊन दुसरा लिहिला. हाताने लिहिला. 'पट्टी प्रत्यक्ष न पाहता मी सही केली. तपासनिसाने सांगितलेला निकाल बरोबर होता, मी त्याचा अर्थ उलटा घेतला.' एवढंच. खाली सही केली. त्या सहीला मला इतर कुठल्याही सहीपेक्षा जास्त वेळ लागला.

मॅनेजर साहेबांनी वाचून कागद टेबलावर ठेवला. "अर्थ उलटा घेतला? साफचा? मॅडम, ग्राहक हसेल आपल्याला."

"हसू दे."

"पत्र सहा महिने पुढे जाईल."

"जाऊ दे," मी म्हणाले. जितक्या थाटात म्हणाले तितका थाट आत नव्हता. रात्री बाबांना फोन केला, सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "दुसरा कागद वाचून सही केलीस ना?" मी हो म्हणाले. "मग झालं," म्हणाले.

फ्रेम कापल्या. नवा पत्रा आला. त्या सकाळी मी रिकामा फॉर्म घेतला आणि माझ्या सहीच्या रकान्याच्या वर फूटपट्टीने एक जादा रकाना आखला. त्यात लिहिलं, 'काटा वाचणाऱ्याची सही'. मॅनेजर साहेबांनी विचारलं, हे कुठल्या नियमात बसतं? मी म्हटलं, कुठल्या नियमात नाही बसत ते दाखवा. त्यांना शोधायला वेळ नव्हता, म्हणून तो रकाना राहिला. पुढच्या खेपेला छापूनच आला.

काकांना ते आवडलं असं त्यांनी दाखवलं नाही. उलट कटकट केली. पेन नको, पेन सांडतं, पेन्सिल नको, पुसते. पण तिसऱ्या दिवशी त्यांच्या वर्तमानपत्राच्या कडेला मला एकाखाली एक अशा अठरा-वीस सह्या दिसल्या. पहिल्या लुळ्या, शेवटच्या जरा ताठ. मी पाहिलं नाही असं केलं. आणि त्या दिवसानंतर त्यांनी शेडच्या दारातून निकाल कधी ओरडून सांगितला नाही. पट्टी फडक्यात गुंडाळून, डोक्याला फडकं तसंच, चाळीस पावलं चालत ऑफिसात यायचे, माझ्या टेबलावर ठेवायचे आणि गप्प उभे राहायचे. मी फूटपट्टी लावायची. मी आकडा बोलले की मग त्यांचा शब्द, "चाखला." दोघांचं जुळलं की दोन सह्या.

बोट वर्षाच्या शेवटी पाण्यात गेली. त्याच महिन्यात काका निवृत्त होऊन घरी गेले. निरोपाला त्यांनी भाषण केलं नाही. सगळ्यांना सांगितलं, डोक्याला तेल लावू नका.

मागच्या रविवारी मी थळला त्यांच्या घरी गेले होते. आता मी कायम आहे, शेड माझ्याकडे आहे, आणि पंखा अजून बंदच असतो. काकांचे डोळे उतरले आहेत, भिंग मात्र गळ्यात आहे. काकूंनी बांगडा तळला होता. मी घाई केली नाही. कडेपासून सुरुवात केली, बोटांनी हळूहळू सोडवत गेले. काका दुसरीकडे तोंड करून बसले होते. शेवटी मी ताट त्यांच्यापुढे सरकवलं. डोक्यापासून शेपटीपर्यंत, एक काटा मोडलेला नव्हता.

त्यांनी वळून भिंग लावलं. नेहमीचा वेळ घेतला.

"साफ," ते म्हणाले. मग ताट उचलून माझ्याच नाकासमोर धरलं. "बग. माझ्या बोलन्यावर जाव नको."